चप्पल घाल, मग सांगतो

परबांनी बेल वाजवली की दार उघडायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. त्यांची बेल लगेच ओळखू यायची. एक लांबलचक, मग जरा थांबून दोन तुटक. "संकटात सापडलेला माणूस अशीच बेल वाजवतो," असं त्यांनीच एकदा मला समजावून सांगितलं होतं. संकटात दर वेळी मी सापडायचो, ते नव्हेत.

कारण चुकून दार उघडलंच, तर समोर परब. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, काखेत छत्री, डोळे बारीक केलेले आणि आवाज एकदम खाली आणलेला.

"दिगू, चप्पल घाल."

"कशाला?"

"चप्पल घाल, मग सांगतो."

आमची बिल्डिंग बोरिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर आणि परब तिसऱ्यावर. कांदिवलीला एका औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून ते रिटायर झाले होते. मूळचे मालवणकडचे. घरी ते आणि वहिनी दोघंच, मुलगा प्रकाश दुबईला. वहिनींचे गुडघे दुखायचे म्हणून त्या कधी खाली उतरत नसत, बाजारहाट परबच करायचे. आता अशा माणसाने काय करावं? पेपर वाचावा, मासे आणावेत, दुपारी ताणून द्यावी. पण नाही. परबांना गोष्टीची सुरुवात हवी होती.

सबंध गोष्ट नव्हे हं, नुसती सुरुवात. मंडळाच्या गणपतीत नाटक लिहायचे तेच. पहिल्या अंकात लोक खुर्च्या पुढे सरकवून बसायचे आणि दुसऱ्या अंकात भेळ खायला उठायचे, कारण दुसऱ्या अंकात काहीच नसायचं. मी एकदा तसं बोललो, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "गोष्टीत सगळ्यात कठीण काय रे? खून? हॅट्! खून कोणीही करील. कठीण काय, तर माणसाला घराबाहेर काढणं. तो मजेत बसलाय, चहा पितोय. त्याने का उठावं? असं एक वाक्य पाहिजे, की ऐकल्याबरोबर त्याचे पाय चपलेत गेले पाहिजेत. चप्पल घातली की गोष्ट सुरू. घरात बसलेल्या माणसाची गोष्ट होत नाही मेल्या, नुसता संसार होतो."

"मग लिहा ना एक वाक्य."

"लिहून काय करू? चाललं पाहिजे."

आणि ते चालतं का, हे बघायला बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता. बाकीचे सगळे शहाणे. जोशी तोंडावर दार लावायचे, दुसऱ्या मजल्यावरचे शहा आतूनच 'घरी नाही' म्हणून ओरडायचे. माझ्यात तेवढी हिंमत नाही, हा माझा गुन्हा.

एका रविवारी हातात गंजलेली लोखंडी किल्ली घेऊन आले. हातभर नाही, पण बोटभर तरी होती. "ही मला जोगेश्वरीच्या गुंफांपाशी सापडली," म्हणाले. "तिथे तर दारच नाही. मग किल्ली कशाची?"

खरं सांगतो, किल्लीचं मला काही पडलं नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या बायकोचा, सुधाचा भाऊ जेवायला येणार होता आणि तो एकदा सोसायटीच्या राजकारणावर सुरू झाला की संध्याकाळपर्यंत थांबत नाही. मी चप्पल घातली. गुंफांत गेलो तर अंधार, ओल आणि वटवाघळांचा वास. परब एका खांबाला टेकून निवांत उभे.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय? आलास ना? झालं तर."

"आणि किल्ली?"

"ती आमच्या जुन्या ट्रंकेची. ते सोड. तू नेमक्या कोणत्या वाक्याला उठलास ते सांग. 'दारच नाही' ह्याला, की 'मग किल्ली कशाची' ह्याला?"

"मेव्हण्याला!" मी ओरडलो. त्यांचा चेहरा पडला. येताना स्टेशनपर्यंत माझ्यापासून चार पावलं पुढे चालत राहिले, जशी काही फसवणूक मी त्यांची केली होती.

त्यानंतर मनोरीचं प्रकरण. "दिगू, हुबेहूब तुझ्यासारखा दिसणारा एक माणूस मनोरीला आहे," असं म्हणून हा गृहस्थ गप्प बसला. आता हे ऐकून कोण घरी बसेल, सांगा! मालाडपर्यंत गाडी, मग मार्व्याची बस, मग ती फेरीबोट. उन्हाने माझं टाळकं तापलं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना परबांनी विचारलं, "तुमचे मालक कुठायत? ह्यांच्यासारखेच दिसतात ना, ह्यांना दाखवायचे होते." आतून एक म्हातारा आला. तोंडात दात नाहीत, कमरेला रुमाल, वय सत्तरीच्या पुढे. मावशींनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ह्यांच्यासारखा? आमचा म्हातारा बरा दिसतो की!"

मी तोंड फिरवून वाळूत जाऊन बसलो. परब मात्र खुशीत. पाण्याच्या कडेने पार टोकापर्यंत चालून आले. बसायला सावली कुठे, चढण किती, बोटीत चढताना हात धरायला काही आहे का, सगळं बघत होते. येताना मला म्हणाले, "घरी विचारते ना, समुद्र कसा होता म्हणून. नीट सांगावं लागतं." आणि लगेच, "पण तू नेमक्या कोणत्या शब्दाला उठलास? 'हुबेहूब' ना?"

मी हात जोडले. घरी आल्यावर सुधाने माझे पाय बघितले आणि वाळू बाहेर झटकून ये म्हणाली. मग तिचं नेहमीचं सुरू झालं. "त्या प्रकाशला दुबईला जाऊन चार वर्षं झाली. एक टू-इन-वन रेडिओ नाही आला की एक साडी नाही आली वहिनींना. मुलाचं लक्ष असतं आईबापाकडे, तर हा माणूस असा मोकाट फिरला असता का?" मी म्हटलं, आता त्याला पत्र टाक, बापाला घेऊन जा म्हणावं.

पण कडेलोट झाला तो टाकीच्या दिवशी. रविवारची सकाळ. सगळी बिल्डिंग टीव्हीपुढे बसलेली आणि मी गालाला साबण लावून आरशासमोर. उजवा गाल झाला होता, डावा व्हायचा होता. तेवढ्यात खिडकीतून परबांची हाक. "दिगू, धाव! गच्चीवरची टाकी फुटली!"

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सुटलो तसाच, अनवाणी, हातात ब्रश. चार मजले एका दमात चढून गच्चीवर गेलो, तर टाकी ठणठणीत. टाकीवर एक कावळा बसला होता. तोसुद्धा माझ्याकडे बघत राहिला.

खाली आलो तर तिसऱ्या मजल्यावर परब माझ्या पायांकडे बघत उभे.

"अनवाणी आलास," ते खिन्नपणे म्हणाले. "नाही, हे नाही चालायचं. ह्याला घाबरणं म्हणतात. घाबरून उठलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरतो."

"अहो परब, लाज वाटते का काही? माणूस आहे का मी कोण आहे? उद्या खरंच टाकी फुटली ना, तर बुडून मरेन पण जागचा हलणार नाही! तुमच्या त्या सुरुवातीची..." पुढचं मी लिहीत नाही. मी इतका कधीच बोललो नव्हतो. परब मान खाली घालून ऐकत राहिले, त्यामुळे तर मी आणखीच भडकलो.

त्यांच्या मागचं दार उघडलं आणि वहिनी दारात आल्या. "भावोजी, आत या. त्यांना नका बोलू. ते सगळं माझ्यासाठी चाललंय."

मी ब्रशसकट उभा. वहिनींच्या पायांची बोटं उंबऱ्याला लागून थांबली होती, पुढे येत नव्हती. आणि दाराशी एका लेडीज चपलेचा जोड होता. एक चप्पल उलटी पडली होती. तिचा तळ कोरा करकरीत होता.

"दर दिवाळीला नवीन आणतात," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावर करून बघतात आणि मग मला येऊन सांगतात. ती किल्ली मलाही दाखवली. मनोरीला तुझ्यासारखीच एक बाई आहे, हेही सांगितलं. मला कळतं हो. गुडघ्यांचं आपलं निमित्त सांगते, पण मी कशी जाऊ? प्रकाश आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

"दुबईहून न कळवता कशाला येईल तो?"

वहिनी परबांकडे बघायला लागल्या. परब जिन्याच्या कठड्याकडे.

"कसलं दुबई," परब म्हणाले. "लोकांना काय सांगायचं म्हणून सांगितलं. कॉलेज सोडतो म्हणाला, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो म्हणाला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, चप्पल घाल आणि चालता हो." ते छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले. "घातली त्याने. दिगू, आयुष्यात माझं एकच वाक्य चाललं बघ. पहिल्या झटक्यात उठला."

माझ्या गालावरचा साबण वाळून खाज सुटली होती. पण हात वर नेवेना.

"मग तुम्ही घरी थांबा," मी म्हटलं, "आणि वहिनी जाऊन येतील."

"ह्यांनी दार उघडलं तर तो दारातूनच परत जाईल," वहिनी म्हणाल्या. किती वेळा हा विचार केला असेल त्यांनी, कोण जाणे.

मला खरंच राग आला होता. परबांचा, त्या पोराचा, स्वतःचा, दुबईचा, सगळ्यांचाच. प्रकाशला मीच सायकल शिकवली होती. गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावायचो. परीक्षेच्या दिवसांत जेवायला आमच्याकडेच असायचा, सुधाच्या हातची आमटी लागायची त्याला. हे लोक चार वर्षं तिसऱ्या मजल्यावर कुढत बसलेत आणि खालच्या खाली आम्ही टू-इन-वनच्या गोष्टी करतोय! मी तणतणत आत गेलो आणि दारासमोरच्या खुर्चीत बसलो.

"मी बसतो. दार सताड उघडं ठेवून बसतो. तो आला तर त्याची मानगूट धरून ठेवतो, पण सोडत नाही. जा तुम्ही दोघं. आणि परब, आता एक अक्षर बोलाल तर याद राखा."

वहिनींनी पदर नीट केला, पुन्हा एकदा केला. गॅस बंद आहे का बघून आल्या. डब्यात लाडू आहेत म्हणाल्या, त्याला आवडतात. मग भिंतीला हात लावून त्यांनी एक पाय चपलेत घातला, मग दुसरा. नवी चप्पल, अंगठ्याला घट्ट बसत होती. परब पुढे येऊन हात धरायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हवांदेत, माका येता." जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

तासाभरात येतो म्हणून गेलेली माणसं दिवेलागणीला उगवली. गेली होती कुठे? मनोरीला! सुधाने माझं जेवण वर आणून दिलं आणि अर्ध्या दाढीवरून जे काय बोलायचं ते बोलली. मग कारण कळल्यावर दाराशी माझ्या शेजारी बसून राहिली. वहिनी आल्या त्या सुक्या बोंबलांची पुडी घेऊन, चपलेत वाळू भरलेली. झटकू नका म्हणाल्या.

परबांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली, डोळे बारीक. "दिगू, कोणत्या वाक्याला उठली रे ती?"

"'मी बसतो' ह्याला. आता घरी जाऊ का? दाढी राहिलीय."

"'मी बसतो,'" परब स्वतःशीच म्हणाले. "बघ, सुचलंच नाही मला."

तेव्हापासून माझ्या रविवारांची वाट लागली आहे. ती दोघं कधी मार्व्याला, कधी नॅशनल पार्कात, आणि मी तिसऱ्या मजल्यावर, उघड्या दारासमोर, डासांच्या सोबतीने. परबांची बेल पूर्वीसारखीच वाजते, फक्त आता म्हणतात, "दिगू, चल, बसायचंय." जिन्यात पाऊल वाजलं की मी पेपर खाली ठेवतो. बहुतेक वेळा इस्त्रीवाला असतो, नाहीतर जोशी. त्यांच्यावर मी उगाचच खेकसतो. आजवर तरी तो आलेला नाही. पण आला तर काय बोलायचं, ते मी ठरवून ठेवलंय. मागे एकदा वहिनींना म्हणून दाखवलं, तर त्या डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या. चालेल, असं मला वाटतं.

"प्रकाश, चप्पल काढ. मग सांगतो."