वापरात नसलेली जागा

लिमयांचा जेवणाचा डबा मूळचा तीन कप्प्यांचा. आमटी भातावर ओतून आणता येते असं लक्षात आल्यावर त्यांनी एक कप्पा काढून टाकला. "रिकामी जागा वागवायची कशाला?" हे त्यांचं पालुपद.

मिरजोळ्याला आंब्याचा रस डबाबंद करण्याच्या कारखान्यात आम्ही दोघे ऑफिसात. २००८च्या सुमारास मालकांनी मुंबईच्या एका कंपनीकडे इंटरनेटवर फायली ठेवायला जागा भाड्याने घेतली. जितकी जागा, तितकं भाडं. बिल फुगलं तसं त्यांनी लिमयांना अडगळ काढायला बसवलं आणि आमचं सुख संपलं.

"अहो सुर्वे," लिमये मला विचारत, "ही फाईल शेवटची कधी उघडलीत?"

"बघून सांगतो."

"बघावं लागतंय ना? मग गेली."

सहा महिने न उघडलेली फाईल ते पुसत. ऑफिसातल्याच नाईकबाईंचं हळदीकुंकवाचं निमंत्रणही पुसलं. बाईंनी बोलणं टाकलं. लिमयांना ते आठवडाभर कळलंच नाही.

माझी पंचाईत वेगळी. डब्यांच्या लेबलांसाठी मी चित्रं काढली होती. मालकांनी एकही पसंत केलं नाही. उपयोग शून्य, जागा भरमसाट, दुसरी प्रत कुठे नाही. पण पुसवत नव्हती. म्हणून दर शुक्रवारी मी एकेक चित्र उघडून बंद करायचो. पगार घेऊन हे उद्योग करतो याची लाज वाटायची, तरी करायचो.

एके दिवशी लिमयांनी सांगितलं, "आता वापर नुसता उघडण्यावर धरणार नाही. फाईल कामाची आहे का, ते बघणार." माझं डोकं फिरलं. रविवारी भांडायलाच त्यांच्या घरी गेलो.

लिमये एकटेच असतात. हाक मारली तर ओ वरच्या मजल्यावरून आली. वर तीन खोल्या, खिडक्या सताड उघड्या, पलंगांवर धुतलेल्या चादरी. लिमये पेपरचं एकेक पान एकेका खोलीत बसून वाचत होते.

"हे काय चाललंय?"

"मुलगा मुंबईहून येतोय. म्हणतो, वरचा मजला वापरात नाही, घर विकून माझ्याकडे चला." त्यांनी पान उलटलं. "वापरात नाही कसा? रोज वापरतो."

मला भांडण सुचेना.

"तुम्ही का आलात? चित्रांसाठी?"

मी मान डोलावली.

"शुक्रवारचं मला पहिल्यापासून ठाऊक आहे. उघडत राहा." मग समोरची खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बसा जरा. या खोलीत बरेच दिवस कुणी बोललेलं नाही."