चौथा ट्रे

धामणदरीच्या तोलमाप कार्यालयात जो नवा प्रिंटर आला, त्याच्या चौथ्या ट्रेमध्ये माणूस भरावा लागे.

जोडणी करून द्यायला कंपनीचे बोरकर म्हणून गृहस्थ आले होते. सभ्य, हळू बोलणारे. प्रिंटर आवक-जावकच्या टेबलाशेजारी बसवला आणि ते टेबल प्रमिला टेकवडेचं, म्हणून सगळी माहिती त्यांनी तिलाच दिली. पहिल्या ट्रेमध्ये साधा कागद. दुसऱ्यात लांब कागद. तिसऱ्यात प्रमाणपत्रांचा जाड कागद. मग ते खाली बसले आणि त्यांनी चौथा ट्रे ओढला. तो येतच राहिला. खोलीच्या मधोमध आला, तेव्हा इंगवले साहेबांना आपली खुर्ची मागे घ्यावी लागली.

"यात माणूस," बोरकर म्हणाले. "एका वेळी एकच. पालथा, डोकं आतल्या अंगाला. खिशात किल्ल्या, पेन, सुपारी काही नको. धातू तर अंगावर अजिबात नको. आणि ओला माणूस भरायचा नाही."

"ओला म्हणजे?" प्रमिलानं विचारलं.

"घामेजलेला. नाहीतर रडलेला. दमट कागद कसा आत जाऊन गोळा होतो, तसंच."

तिनं मान डोलावली.

इंगवले साहेबांना याची कल्पना आधीच होती. वार्षिक अहवाल यंदापासून कागदावर पाठवायचा नाही, कर्मचाऱ्यावर छापून त्यालाच विभागीय कार्यालयात हजर करायचं, असं वरून कळवलं होतं. कागद टपालात गहाळ होत असत.

"आणि माणूस गहाळ झाला तर?" मुजावरांनी विचारलं. ते कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून.

"घरचे चौकशी करतात," साहेब म्हणाले. "कागदाची कोण करतं?"



चाचणीचं पान म्हणून मुजावरांनाच घेतलं. ते चष्मा काढून ठेवून ट्रेमध्ये पालथे झाले, बोरकरांनी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यांच्या खांद्यांना टेकेपर्यंत सरकवल्या आणि ट्रे आत लोटला. मशीन थोडं घरघरलं. मग वरच्या बाजूनं मुजावर बाहेर आले. गरम होते, पातळ झाले होते, पायाकडून जरासे वळले होते. शर्टाच्या पाठीवर काळ्या-करड्या पट्ट्या आणि खाली 'चाचणी यशस्वी' अशी अक्षरं. त्यांना सतरंजीवर निजवून तपासणीची लोखंडी वजनं चारी कोपऱ्यांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ते सरळ होऊन कामावर आले.

पण डबा ते आता बाहेर ओट्यावर बसून खाऊ लागले. दार लोटलेलं असलं की आत यायचेच नाहीत. प्रमिलानं एकदा त्यांना पाणी नेऊन दिलं आणि हळूच विचारलं, "भाऊसाहेब, आत काय असतं हो?"

मुजावरांनी पेला रिकामा केला. "गरम असतं," ते म्हणाले. "बाकी काही विचारू नकोस, बेटा."

अहवालाची तारीख जवळ आली तसे साहेब एकेकाला ट्रेच्या पट्ट्यांमध्ये उभं करून बघू लागले. स्वतः साहेब बसत नव्हते, पोट अडत होतं. मुजावर बसत होते, पण एकदा छापलेला माणूस पुन्हा भरला तर आत चिकटतो, असं बोरकरांनी बजावलं होतं. राहिले टेकवडे नवरा-बायको. विश्राम टेकवडे त्याच कार्यालयात परवान्यांचं काम बघायचा. साहेबांनी विश्रामला नेमलं.

त्या सकाळी प्रमिला घरी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. पाठीवर एकही सुरकुती राहता कामा नये म्हणून तिनं पाठ पुन्हा पुन्हा दाबून काढली. विश्राम खिडकीशी उभा होता आणि त्याच्या मानेवर घाम आला होता.

"अहो, नाही म्हणून सांगा ना."

"नाही म्हणायला कारण द्यावं लागतं."

"भीती वाटते म्हणून सांगा."

"साहेबांना विचारलं मी. म्हणाले, भीतीची रजा नसते." त्यानं टॉवेलनं मान पुसली. पुसली तिथंच पुन्हा ओली झाली. "प्रमिला, मी कोरडाच होत नाहीये गं."

तिनं त्याच्या पाठीला, मानेला, काखेत पावडर लावली. मूल शाळेत पाठवताना लावतात तशी. दोघंही एकमेकांकडे न बघता घरातून निघाले.

कार्यालयात सगळं शांतपणे झालं. विश्रामनं घड्याळ, पट्टा, किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि तो ट्रेमध्ये पालथा झाला. साहेबांनी पट्ट्या सरकवल्या. ट्रे आत जाताना त्याचे पाय तेवढे दिसत राहिले, मग तेही दिसेनासे झाले. प्रमिलानं बटण दाबलं, कारण ते तिचं काम होतं.

मशीन घरघरलं. मग आवाज बदलला. ओला कपडा पिळावा तसा काहीतरी आवाज आला आणि सगळं थांबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: कर्मचारी अडकला आहे. बाजूचं दार उघडा.

साहेबांनी बोरकरांना फोन लावला आणि तो मोठ्यानं ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला.

"घाबरू नका," बोरकरांचा आवाज आला. "कोण काढणार आहे?"

"मी," प्रमिला म्हणाली.

"दार उघडा. काय दिसतंय?"

आत काळोख होता आणि गरम हवेचा झोत तिच्या तोंडावर आला. दोन रुळांच्या मधून पांढऱ्या शर्टाची बाही बाहेर आली होती. तिच्या टोकाला हात. पंख्यासारखी घडी पडलेला, पण हात विश्रामचाच. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग तिनं ओळखला.

"हात दिसतोय."

"दोन्ही हातांनी धरा. झटका द्यायचा नाही. ज्या दिशेनं तो चालला होता त्याच दिशेनं ओढायचं, उलटं नाही. फाटला तर तुकडा आत राहतो, आणि मग तो काढता येत नाही."

तिनं हात धरला. तो तिच्या पंज्यात कुरकुरला. "अहो, मी आहे," ती दारात तोंड घालून म्हणाली. "हळूच काढते. तुम्ही अंग सैल सोडा."

घडी पडलेली बोटं तिच्या बोटांभोवती किंचित वळली.

ती ओढू लागली. खांदा आला. मग डोकं आलं, मान आली, आणि तिथं कुठेतरी बारीकसा टर्र असा आवाज झाला. ती जागच्या जागी गोठली. मुजावर मागून पुटपुटत होते, काय ते तिला कळलं नाही. तिनं श्वास धरला, किंचित डावीकडे कलली आणि पुन्हा ओढलं. फाटली होती ती शर्टाची कॉलर. मान शाबूत होती. मग पाठ आली, कंबर आली, आणि शेवटी पाय एकदम सुटून आले तशी ती मागे जमिनीवर बसली. विश्राम तिच्या मांडीवर घड्याघड्यांनी पडला होता. अहवाल त्याच्या खांद्यांपर्यंतच छापला गेला होता. पुढची ओळ पाठीवर तिरपी होऊन फरफटत गेली होती.

मुजावरांनी त्याला सतरंजीवर नेऊन पसरलं आणि वजनं ठेवायला घेतली. त्याचे डोळे उघडे होते. ओठ हलले, पण त्यांच्यावरूनच एक घडी गेली होती.

"निघाला का?" टेबलावरून बोरकरांनी विचारलं.

"निघाले."

"आता पडद्यावर काय आहे?"

साहेबांनी वाचलं. "काम अपूर्ण. चौथा ट्रे रिकामा. कर्मचारी भरा, किंवा रद्द करा."

"रद्द करते मी," प्रमिला उठत म्हणाली. "नको तो अहवाल."

"थांबा!" बोरकर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "बाई, हात लावू नका. रद्द केलं तर काम रद्द होत नाही. जो छापला जात होता तो रद्द होतो."

तिचं बोट हवेतच राहिलं. तिनं वळून सतरंजीकडे पाहिलं.

"मग तसंच ठेवू," साहेब म्हणाले.

"तसं राहत नाही, साहेब. काही वेळ वाट बघतं आणि मग आपणहून रद्द करतं. अहवाल दुसऱ्या कुणावर तरी पूर्ण छापून घ्या. पूर्ण झाला की हे मोकळे."

इंगवले साहेबांनी आपल्या पोटावर हात ठेवला होता आणि तो तिथंच राहिला होता. मुजावर म्हणाले, "मी जातो. चिकटलो तर चिकटलो." पण त्यांचा चेहरा इतका पांढरा झाला होता की प्रमिलालाच बघवेना.

"तुम्ही ह्यांच्याजवळ बसा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मीच जाते."

साडीच्या निऱ्या चालणार नव्हत्या. साहेब बाजारात वजनं तपासायला जाताना जो लांब पांढरा डगला घालत, तो आणि त्याखालची पांढरी विजार त्यांनी कपाटातून काढून दिली. ती आतल्या खोलीत जाऊन बदलून आली. केसांतले आकडे काढले. जोडवी काढली. मंगळसूत्राशी हात थांबला. धातू नको, असं होतं. सतरंजीवर विश्राम बघत होता, आणि तो बघत असताना ते गळ्यातून काढणं तिच्यानं होईना. शेवटी त्याच्याकडे पाठ करून तिनं ते काढलं, मग गुडघ्यावर बसून त्याच्या सपाट तळहातावर ठेवलं आणि वर एक छोटं वजन ठेवलं.

"सांभाळा हं," ती म्हणाली. "आलेच."

डोळे भरून येत होते. पण ओला माणूस भरत नाहीत. ती टेबलपंख्यासमोर जाऊन उभी राहिली आणि डोळे ताणून उघडे ठेवून वारा घेत राहिली. हात, मान, कपाळ. पुन्हा हात. साहेब मागून म्हणाले, "टेकवडे बाई, पडद्यावरची ती अक्षरं आता लुकलुकायला लागलीत."

ती ट्रेमध्ये पालथी झाली. पत्रा गार होता. पट्ट्या दोन्ही खांद्यांना येऊन टेकल्या. मग ट्रे धाडकन आत गेला आणि उजेड संपला.

इतका अंधार तिनं आजवर पाहिला नव्हता. स्वतःचा श्वास पत्र्यावर आपटून परत तोंडावर येत होता. ओरडावं, पाय झाडावेत, असं वाटलं. तिनं दात घट्ट दाबून धरले.

"कोपर जरा आत घ्या, बाई," तिच्या खालून कुणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा होता, अगदी बारीक, दोन वह्यांच्या मधून यावा तसा.

"कोण?"

"मी मशीनबरोबरच आलोय. कारखान्यातून निघताना तळाशी एक ठेवतात. ट्रे वाकू नये म्हणून."

"पण बाहेर ट्रे रिकामा आहे असं दाखवतंय."

"हो. मला ते माणसांत धरत नाही. मघाचे ते तुमचे कोण?"

"नवरा."

"फार घामेजले होते. मी सांगत होतो त्यांना, पण त्यांना ऐकू गेलं नाही. तुम्हाला भीती वाटतेय का?"

"हो."

"वाटू द्या. फक्त मान वर करू नका. रूळ येईल तेव्हा श्वास सोडून द्या, धरून ठेवू नका. धरणारेच अडकतात."

डोक्याच्या बाजूला काहीतरी हळूहळू फिरायला लागलं. उष्णता जवळ आली. प्रमिलाला एकदम वाटलं की या माणसाला असंच टाकून जाणं बरं नव्हे, आणि वेळ तर उरलेला नव्हता.

"बाहेर कुणाला काही निरोप द्यायचा आहे का?" तिनं घाईनं विचारलं.

"कुणाला नाही. पण ट्रे लावताना हळू लावा म्हणावं. फार दणका बसतो इथं."

"सांगते," ती म्हणाली. रूळ तिच्या केसांना लागला आणि तिनं श्वास सोडून दिला.

अहवाल स्वच्छ छापला गेला. संध्याकाळपर्यंत प्रमिला वजनांखाली सरळ झाली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं विभागीय कार्यालयात गेली. गर्दी असूनही तिनं पाठ कुठं टेकवली नाही. तिथल्या बाईंनी तिच्या पाठीवर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि पोच म्हणून हात जोडले. विश्राम त्या आठवड्याच्या अखेरीस बोलू लागला. त्याच्या तोंडावरून एक आडवी रेघ गेली आहे ती मात्र राहिली. तो हसला की ती आधी दुमडते आणि मग हसू येतं.

निरोप प्रमिलानं छापून बाहेर आली त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितला. साहेबांनी फक्त एकदा ट्रेकडे पाहिलं आणि खुर्ची आणखी मागे घेतली.

आता धामणदरीच्या कार्यालयात चौथा ट्रे दोन माणसं मिळून, हळू लावतात.