मंगळवारी चार वाजता कोणी येत नाही

गुप्तता म्हणजे काय, ते मला विचारा! बारा वर्षं मी एका समुपदेशन केंद्रात बाहेरचं टेबल सांभाळतोय. बाहेरचं टेबल म्हणजे फोन, डायरी, फायली, पाण्याचा कूलर आणि भिंतीला लागून पाच खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसून ढसाढसा रडलेली माणसं मला बाजारात भेटतात, तेव्हा मी त्यांच्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसं बघतो. एकदा तर माझा सख्खा मेहुणा समोर येऊन उभा राहिला. मी विचारलं, "आपलं नाव?" तो म्हणाला, "अहो दाजी, मी!" मी म्हटलं, "ते फॉर्मवर लिहा." बायकोला अजून पत्ता नाही!

(हे खरं तर मी तुम्हालाही सांगायला नको होतं. विसरून जा.)

तर असा मी. आता पुढचं सांगतो ते जपून ऐका. नावं विचारू नका, मिळणार नाहीत. वार, वेळ, मजला सगळं मी बदललंय. यातल्या ताई दातांचं निमित्त सांगून यायच्या असं मी म्हणणार आहे, पण ते दातही दात नव्हते. काय होतं ते सांगणार नाही. निदान आता तरी नाही!

आमचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. या ताई दर मंगळवारी चार वाजता यायच्या. घरी सांगायच्या, "दाढेचं काम चालू आहे." चार महिने एका दाढेचं काम! एवढ्या वेळात लोकांची अख्खी कवळी होते. आल्या की आधी पाच मिनिटं नुसत्या बसायच्या आणि मनगटावरची बाही खाली ओढत राहायच्या. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाही. मी विचारलं नाही. मला विचारायचंच नसतं.

त्यांच्या फाईलवर लाल शाईत मॅडमनी लिहिलं होतं, 'यांच्या मोबाईलवर कधीही फोन करू नये. गरज पडल्यास बहिणीला.' मॅडम म्हणजे आमच्या समुपदेशक. आवाज इतका हळू की पंख्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा वाटावा.

त्या मंगळवारी अडीच वाजता फोन वाजला.

"नमस्कार," पुरुषाचा आवाज, अगदी गोड. "माझी मिसेस तिथे येते का हो?" आणि त्यानं ताईंचं नाव घेतलं.

मी सावध! बारा वर्षांचा अनुभव पणाला लागला. छाती फुगवून म्हणालो, "या नावाच्या कुणीही बाई आमच्याकडे येत नाहीत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! डायरी समोर आहे माझ्या. मंगळवारी चार वाजता तर कुणी येतच नाही!"

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज. मग, "थँक यू हं. फार मदत झाली."

फोन ठेवला आणि मी स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली. काय परतवलाय गडी! तीन वाजता मॅडम आधीचं काम आटपून बाहेर आल्या, तेव्हा मी चहाचा कप पुढे करत सगळा किस्सा रंगवून सांगितला. 'मंगळवारी चार वाजता' म्हणताना टेबलावर हातही आपटला.

मॅडमनी कप घेतला नाही.

"वार त्यांनी विचारला होता?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"वेळ?"

"ना..." आणि मी हातातला कप टेबलावर ठेवला.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, "ती निघाली हो घरातून! मी येते रिक्षा घेऊन." ताईंच्या मोबाईलवर फोन करायची सोय नव्हती, तो मोबाईल कधी कुणाच्या हातात असेल याचा नेम नव्हता. मॅडम म्हणाल्या, "त्या आल्या की थेट माझ्या खोलीत. मी आतून कडी लावते. बहीण आली की माझ्या खोलीच्या मागच्या दारानं त्यांना जिन्यावरून खाली नेऊ. आणि तुम्ही, त्या आल्या की बाहेरचं दार लावून घ्यायचं. कुणी आलं तर मला आतल्या फोनवर सांगायचं. बाकी काही करायचं नाही. काहीही!"

"काहीही नाही," मी म्हणालो. खरंच तसंच ठरवलं होतं.

पावणेचारला ताई आल्या. मॅडमनी त्यांना आत घेतलं, कडी वाजली. मी बाहेरचं दार लावायला उठलो, तोच ते ढकलून एक माणूस आत आला.

काय सांगू! दारात मावेना असा देह. मिशा झाडूसारख्या. डोळे लालभडक, मुठी आवळलेल्या, कपाळावरून घाम गळतोय, आणि एकटक बघतोय कुठे, तर मॅडमच्या दाराकडे!

माझी बोबडी वळली. हाच! फोनवर आवाज गोड होता, पण फोनवर मिशा थोड्याच ऐकू येतात?

"मला..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला आत जायचंय."

आता मॅडमना फोन करायचा होता. एवढंच करायचं होतं! पण माझ्या अंगात वीर संचारला. ज्यानं घोळ घातला त्यानंच निस्तरायला नको का? मी गोड हसलो. "हो हो, या ना! आधी फॉर्म भरावा लागेल. इकडे, या खोलीत." आणि त्याला फायलींच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. वर कुलूपही लावलं!

आतून दोनदा दार वाजलं. मग काही नाही. मी खुर्चीत कोसळलो. कुलपाची किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवली.

या सगळ्यात बाहेरचं दार राहिलं ते राहिलंच.

पाच मिनिटांनी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, पायपुसण्यावर बूट पुसून आत आले. म्हणाले, "खाली दातांच्या दवाखान्यात गर्दी आहे. जरा टेकू का इथे?"

इतक्या सभ्य माणसाला नाही कसं म्हणणार? आणि मला तेव्हा कुणीतरी सोबत हवंच होतं. मी त्यांना पाणी दिलं.

"तुम्ही घाबरलेले दिसता," ते म्हणाले. काय आपुलकी!

"अहो, काय सांगू! एका बाईंचा नवरा येणार होता. भयंकर माणूस. मी त्याला कोंडून ठेवलाय!"

"अरे वा!" ते पुढे सरकले. "कुठल्या बाई?"

"ते नाही सांगता येत." मी बोट वर केलं. "गुप्तता! इथे आलेल्या माणसाचा तो हक्क असतो. प्रत्यक्ष नवरा आला तरी आम्ही सांगत नाही."

"बरोबर आहे. अगदी बरोबर. पण त्या सुखरूप आहेत ना?"

"एकदम! तिथे आत आहेत, मॅडमपाशी." आणि मी दार दाखवलं. बोटानं!

तेवढ्यात फायलींच्या खोलीतून आवाज आला. मला वाटलं होतं शिव्या येतील. आवाज रडवेला होता. "साहेब, उघडा हो. मला बंद खोलीत श्वास लागतो. माझी पाचची वेळ आहे. घरी बसवेना म्हणून लवकर आलो..."

मी डायरी उघडली. मंगळवार, पाच वाजता. 'नवीन. पत्नीचं निधन, दोन महिने. तीन वेळा वेळ घेऊन आले नाहीत. सांभाळून घ्यावं.' अक्षर माझंच होतं.

मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. पाण्याचा पेला खाली नीट ठेवलेला. आणि ते सभ्य गृहस्थ मॅडमच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते.

"बाहेर ये," ते दाराला म्हणाले. आवाज तोच, गोड. "चल घरी. दात बघू तुझे."

मग पहिली लाथ बसली. भिंतीवरचं घड्याळ पडलं. दुसरी बसली. मी काय केलं? मी "अहो, अहो!" म्हणालो. बारा वर्षांचा अनुभव, आणि तोंडातून निघालं काय, तर अहो अहो! किल्ली कुलपात जाईना, शेवटी कसंबसं फायलींच्या खोलीचं कुलूप काढलं. मिशीवाले बाहेर आले, घामानं निथळत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. काही विचारलं नाही. जाऊन त्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

नवऱ्यानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्त आलं. ते हलले नाहीत. पुन्हा मारला. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही, फक्त म्हणाले, "मार. माझं तसंही काही राहिलेलं नाही."

आतून मॅडमचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा मोठा. "मी पोलिसांना बोलावलंय! इथे कोण येतं आणि कोण नाही, हे तुम्हाला सांगायला मी बांधील नाही. कोर्टाचा आदेश असेल तर तो आमच्या वकिलांना दाखवा!"

"आदेश कशाला?" नवरा हसला. आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या या माणसानंच सांगितलंय मला. मंगळवार, चार वाजता! आणि आत्ता दारही त्यानंच दाखवलं!"

दार पातळ होतं. पलीकडे ताईंनी ते ऐकलं. मला कसं कळलं? आतून एक हुंदका आला आणि मध्येच थांबला. तोंडावर हात ठेवल्यासारखा.

बहीण मागच्या जिन्यानं येऊन त्यांना घेऊन गेली. पोलीस आले तोवर नवरा खुर्चीवर बसून शर्ट नीट खोचत होता. त्यांना म्हणाला, "गैरसमज झाला हो." पोलीस त्याला घेऊन गेले. ताई त्या घरी परत गेल्या नाहीत. मुलीला शाळेतून परस्पर उचललं, अंगावरच्या कपड्यांनिशी.

चार दिवसांनी त्या बहिणीबरोबर आल्या, मागच्या दारानं. राहायचं ठिकाण बदललं होतं, त्यांची फाईल दुसऱ्या भागातल्या केंद्राकडे पाठवायची होती, त्यासाठी सही हवी होती. मॅडम मला म्हणाल्या, "काय झालं ते त्यांना तुम्ही सांगायचं. सगळं. ऐकण्याचा त्यांना हक्क आहे."

मी उभ्यानंच सांगितलं. फोन, डायरी, पाण्याचा पेला, बोट. काही लपवलं नाही.

ताई बाही ओढत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दाढेचं नाटक मी चार महिने सांभाळलं. कुठली दाढ ते विसरू नये म्हणून रोज आरशात बघायचे."

त्यांनी फाईलवर सही केली आणि विचारलं,

"तक्रार करता येते का?"

"येते," मी म्हणालो.

"कुणाकडे?"

इथे पंचाईत होती. तक्रारीचे फॉर्म माझ्याच खणात असतात. मी एक काढून दिला, पेन दिलं. त्या लिहायला लागल्या. मधेच विचारलं, "तुमचा हुद्दा काय लिहू?" मी सांगितला. त्यांनी पुढे लिहिलं, 'यांनी चुकून माझी माहिती दिली.' मी वाकून म्हणालो, "ताई, 'चुकून' नको. वरचे लोक हलक्यात घेतील. 'निष्काळजीपणाने' लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ष अर्धा ना?"

"हो. अर्धा."

त्यांनी 'चुकून' खोडलं. फॉर्म मला दिला. मी त्यावर 'मिळाला' असा शिक्का मारला, एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. त्या उठल्या, आणि जाताना कूलरचं पाणी प्यायला थांबल्या. मी पेला पुढे केला नाही. तेवढी अक्कल आली होती.

चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली, फोन उचलायचं काम काढून घेतलं आणि दोन महिने प्रशिक्षणाला बसवलं. वर्गात सगळी पोरंसोरं आणि मी! पहिलाच धडा फोनचा. 'येतात' म्हणायचं नाही, 'येत नाहीत'ही म्हणायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मिशीवाले अजून येतात. (हे त्यांना विचारून सांगतोय. लेखी घेतलंय!) मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "ती गेल्यापासून माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. तुमच्या त्या खोलीत निघाला." मग जरा थांबून म्हणाले, "पण पुन्हा कोंडू नका."

ताईंचं मात्र काही कळेना. नवरा सुटला होता, एवढं ऐकलं होतं. त्या बऱ्या आहेत का? मुलगी शाळेत जाते का? मॅडमना विचारायची हिंमत नव्हती. शेवटी एका दुपारी राहवलं नाही. फाईल मीच पाठवली होती, त्यामुळे त्या दुसऱ्या केंद्राचा नंबर माझ्याकडे होता. करू नये ते केलं. स्वतःच्या मोबाईलवरून नंबर फिरवला.

"नमस्कार," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "या नावाच्या एक बाई तिथे येतात का हो? काही नाही, फक्त बऱ्या आहेत ना, एवढंच..."

पलीकडून तिथलं टेबल सांभाळणाऱ्या एका मुलीचा आवाज आला. शांत, सपाट. "अशा कुणी आमच्याकडे येतात की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आपण कोण बोलताय?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! असं बोलायचं असतं! अगदी असंच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच भरात मी फोन ठेवून दिला.

मग लक्षात आलं. त्या मुलीनं आता वहीत लिहिलं असणार, 'अनोळखी पुरुषाचा फोन. बाईंची चौकशी केली. नाव विचारल्यावर ठेवून दिला. सावध राहावं.' आणि संध्याकाळच्या आत ते ताईंना कळवलं असणार. कळवायलाच हवं. तो त्यांचा हक्क आहे.

म्हणजे त्या रात्री ताई पुन्हा दाराला कडी लावून जाग्या बसल्या असतील. माझ्यामुळे. दुसऱ्यांदा.