शांता उठली का?

संगमनेरच्या आमच्या दूध संघातल्या संगणक खोलीत चपला घालून जायची कुणाची टाप नव्हती, आणि खोली सांभाळणाऱ्या सिमोनभाऊंची शांता उठल्याशिवाय दुसऱ्या मशीनचं बटण दाबायचीही. शांता म्हणजे सर्व्हर. गावोगावच्या दुधाच्या फायली तिच्यात. बाकीच्या चार मशीननी तिच्याकडून मागून घ्यायच्या. भाऊ सकाळी मऊ फडक्याने तिचं तोंड पुसायचे, बटण दाबायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. "घाई न्हाई करायची. तिला उठायला जरा येळ लागतो." मग जो तो दारातून विचारायचा, "भाऊ, शांता उठली का?"

"व्हय, उठली. या."

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी नोकरीत नवा होतो. माझ्या नव्या मशीनने पडद्यावर नाव विचारलं. दिवसभर 'शांतावर ठेवा, शांतावरून घ्या' ऐकून मला वाटलं, हे सगळ्या यंत्रणेचंच नाव असणार. वहीवर शाळेचं नाव घालतात तसं मी ते ठोकून दिलं. वर शहाणपणा असा, की दुसऱ्या दिवशी लवकर येऊन, भाऊंची वाट न बघता, माझ्या मशीनचं बटण दाबलं.

त्या दिवशी शांता चालू झाली, पण फायली वाटायचं काम सुरूच होईना. भाऊंनी फडकं फिरवलं, तीनदा बंद-चालू केलं, मग टेबलाखाली शिरून एकेक वायर चाचपली. "उंदरानं दात लावला असंल." बाहेर आले ते केसांत जळमटं घेऊन. सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी नगरहून इंजिनिअर आला. कुठलीशी नोंद उघडून म्हणाला, "याच नावाचं दुसरं मशीन आधीच चालू आहे. सर्व्हरचं नाव बदलून टाकू."

"नाव नका बदलू, साहेब," भाऊ म्हणाले. "आमची मंडळी वारली, तिचं हाय त्ये. मी हुडकतो दुसरं मशीन."

ते मशीन दोन हातांवर होतं. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण समोर मॅनेजरसाहेब उभे होते. "संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली, सिमोन. नावाचं काय घेऊन बसलास?" साहेब म्हणाले. इंजिनिअरने 'सर्व्हर वन' लिहिलं आणि दोन मिनिटांत काम सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून लोक काही न विचारता सरळ आत येऊन बटणं दाबू लागले. भाऊ फडकं घडी करून खिशातच ठेवायचे.

आठवड्याने मी कबूल केलं. "ठावं हाय," ते म्हणाले. "त्याच सांजंला वाचलं तुमच्या मशीनवर."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी नवे. नोकरी गेली असती."

मी म्हणालो, माझ्या मशीनवरचं नाव आत्ता काढतो, सर्व्हरला परत शांता घालू. त्यांनी मान हलवली. "साहेब आता हात लावू देनार न्हाईत. काढू नका, बाळासाहेब. घरी तिचं नाव घेनारं कोन हाय? हितं रोज धा जनं ईचारायची. तुमच्याकडं तरी ऱ्हाऊ द्या."

मी ते नाव राहू दिलं. पण रोज सकाळी दारात थांबून कुणी विचारावं, असं माझ्या मशीनमध्ये काहीच नव्हतं.