रिपोर्ट चांगला यावा म्हणून

मी आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेलो नाही, मग रक्ताच्या परीक्षेत कसा होईन? आम्हा दोघांना मुलीकडे परदेशात कायमचं राहायला जायचं होतं, त्यासाठी सरकारी वैद्यकीय तपासणी व्हायची होती. म्हटलं, आधी आपणच रक्त तपासून घेऊ. शिवाय रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदल्या दिवशी हिपॅटायटिस बीची लसही टोचून आलो!

रिपोर्ट आला. 'हिपॅटायटिस बी : संशयास्पद.'

आहे म्हणा, नाही म्हणा, संशयास्पद काय? मी काय पाकीटमार आहे? ताट, पेला, टॉवेल सगळं वेगळं काढलं आणि खुर्ची घेऊन गॅलरीत जाऊन बसलो.

गॅरेजवाला मेहुणा धावत आला. "दाजी, लिव्हर म्हणजे इंजिनच हो!"

"म्हणजे?"

"म्हणजे ताई एकटीच जाणार. तुमचा तो नवा गरम कोट मला होईल का?"

मी बायकोला जड आवाजात म्हणालो, "तू जा. नातवाला बघ. मी आपला फोनवर बघेन."

"झालं नाटक?" असं म्हणून तिने माझ्याच ताटातला घास उचलून तोंडात टाकला! "तुम्हाला सोडून जाऊ? मग तिकडे भांडू कुणाशी?"

मी भर दुपारी गॅलरीत ढसाढसा रडलो.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "एवढ्यात लस घेतली होती का?"

"हो! रक्त देण्याच्या आदल्याच दिवशी!" मी छाती फुगवून सांगितलं. ताट-पेला घेऊन गॅलरीत राहायला गेल्याचंही सांगितलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, लसीत त्या विषाणूच्या आवरणाचाच अंश असतो. काही दिवस तो रक्तात दिसू शकतो. बहुतेक तेच असेल. महिन्याभराने पुन्हा तपासू. आणि हा रोग ताटा-पेल्यातून पसरत नाही, रक्तातून पसरतो. ताट आत न्या."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो! धावत घरी आलो. "अगं, वाचलो!"

बायको हसेना. कालच तिनेही तपासणीला रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट तिच्या हातात होता. 'संशयास्पद.'

"तू कधी लस घेतलीस?"

"तुमचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी. तुमच्याजवळ बिनघोर बसता यावं म्हणून हो!"

असली बायको मिळायला नशीब लागतं! जाणं लांबलं खरं, पण दोघांचं मिळून लांबलं.

मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, महिनाभर दोघांनीही कृपा करून तब्येतीची काळजी घेऊ नका!"