या साली पाखरू किती

आमच्या शेजारचे गेनूनाना दर वर्षी गणपती गेले की आठ दिवस कानात कापूस घालून हिंडतात. कान दुखतो म्हणून नाही. कान शाबूत राहावा म्हणून. कापसाखाली लसूण कढवलेलं कोमट तिळाचं तेल, वरून टॉवेल, त्यावर टोपी. याला ते "कान राखणं" म्हणतात. बाकीचे लोक उभं पीक राखतात तसे नाना कान राखतात.

या आठ दिवसांत त्यांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटतं. ते हळू बोलले की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागतात. कुणी जेवलात का विचारो, कुणी पाऊसपाणी विचारो, नानांचं उत्तर एकच. "आजून आठ दिस थांबा." माणसाने माणसाला विचारण्यासारखी एकच गोष्ट आहे अशी त्यांची समजूत आहे. ती म्हणजे, या साली पाखरू किती.

पाखरू म्हणजे तितर. दुसऱ्या कशाला नाना पाखरू म्हणत नाहीत. चिमणी ही चिमणी, होला हा होला. मोर तर त्यांच्या डोक्यातच जातो. आमच्या महाळुंगे पडवळच्या शिवारात मोर हल्ली ढिगाने झालेत, घराच्या पत्र्यावर येऊन बसतात. एकदा मी म्हणाले, नाना, तितर कमी झाले तर मोर मोजा की. नाना मग म्हणाले, "त्यो वरातीत नाचणारा. त्येला मोजायला काय कान लागतो?"

आता कुणी म्हणेल, तितर मोजून करायचं काय. तर ही जुनी रीत आहे. नानांच्या वडिलांच्या वेळी आमच्याकडे बाजरी निघाली की तितराची शिकार चाले. घोड्याच्या केसाचे फासे लावत. पण फासे लावायच्या आधी एका माणसाने पहाटे माळावर बसायचं, बोलणारी पाखरं मोजायची आणि कौल द्यायचा. कौल दोनच. "हंगाम धरा," नाहीतर "हंगाम सोडा." सोडा म्हटलं की त्या साली कुणी फासा लावायचा नाही. कुणी लावलाच तर चार महिने त्याच्याकडे कुणी तंबाखूसुद्धा मागत नसे. पेठहून, पार पिंपरी पेंढारहून माणसं कौल ऐकायला यायची. हा कौल नानांच्या घरात होता. वडिलांनंतर तो नानांकडे आला.

नानांनी स्वतःचे फासे मात्र फार वर्षांपूर्वीच चुलीत घातले. ते त्यांच्या बायकोमुळे. साळूकाकू म्हणाल्या होत्या, मोजलं की ते घरचं झालं, घरचं कोण खातं? यावर नानांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की नाना ऐकतात. शिकार बंद झाली, फासे गेले, कौल तेवढा राहिला.

एकदा कुणीतरी काडी लावली म्हणून वनरक्षक चौकशीला आला होता. म्हणाला, बाबा, तुम्ही शिकारीचा हंगाम जाहीर करता म्हणे. नाना म्हणाले, "करतो की. लई सालं झाली, सोडाच सांगतोय. तुमची बंदी सरकारची हाय साहेब, माझी बायकूची हाय. कंची मोडायची सांगा." वनरक्षक चहा पिऊन गेला. पुढल्या वर्षी त्याने स्वतःच फोन करून विचारलं, नाना, किती निघाले?

मोजायची पद्धत अशी. आठ दिवस कान राखून झाला की नवव्या, दहाव्या आणि अकराव्या दिवशी पहाटे कापूस काढायचा आणि माळाच्या कडेच्या चपट्या दगडावर जाऊन बसायचं. उजव्या खिशात चिंचोके. एक पाखरू बोललं की एक चिंचोका डाव्या खिशात. त्याच पाखराने पुन्हा साद दिली तर मोजायचं नाही. आवाजावरून त्यांना कळतं. माणसं नाही का ओळखू येत, म्हणतात. आमच्याकडे बिबटे आहेत, उजाडायच्या आत कुणी एकटं बाहेर पडत नाही. पण नाना बॅटरी घेऊन निघतात. बिबट्याला मी सांगून ठेवलंय, म्हणतात, तुझं गिऱ्हाईक वेगळं, माझं वेगळं.

पूर्वी दगडावर दोघं बसायची. नानांचा डावा कान तरुणपणापासून गेलेला. डाव्या अंगाला काकू बसायच्या आणि त्या बाजूचं पाखरू बोललं की नानांच्या गुडघ्यावर बोट ठेवायच्या. काकू जाऊन सहा वर्षं झाली. नाना अजून दगडाच्या उजव्या निम्म्यावरच बसतात.

चिंचोके माझ्याकडचे. नाना बांधापाशी येऊन डबा मागतात, मोजून झालं की परत करतात. जेवढी पाखरं निघाली तेवढे चिंचोके ठेवून घेतात आणि त्यांच्या घरातल्या कोनाड्यात टाकतात. माझे मालक गेल्यापासून मी कुणाकडे फारशी जात नाही. सकाळी डेअरीला दूध घालायचं आणि घरी यायचं. बोलणं म्हणाल तर म्हशीशी आणि नानांशी. नानांशी म्हणजे, नाना बोलतात आणि मी बांधाच्या अलीकडे खुरपत ऐकते. तितर कसा बोलतो ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांचे पुढचे दात पडल्यावर त्यांच्या तोंडून नुसता वारा यायला लागला, तेव्हा माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. कतीतर, कतीतर, असं खालून वर चढवत न्यायचं. मी गोठ्यात एकदा करून बघितलं. म्हशीने पान्हा चोरला.

नानांना फसवता येत नाही. डेअरीशेजारी चहाची टपरी आहे, तिचा मालक सदा. हा सदा एका वर्षी उसात लपून हुबेहूब तितरासारखा बोलला. चार माणसं मागे हसू दाबून उभी होती. नाना दगडावरून उठलेही नाहीत. "सदा, घरी जा," म्हणाले, "तुझा तितर तंबाकू खातो." मग त्यांनी टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की आपण ऐकलेलं मोजतो, ऐकवलेलं मोजत नाही. त्या दिवसापासून कुणी त्या वाटेला गेलं नाही.

नानांची मुलगी मंगल भोसरीला असते. ती दर रविवारी फोन करते. नाना फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे बाप-लेकीचं बोलणं सगळ्या आळीला ठाऊक असतं. ती म्हणते, आण्णा, एकटे कशाला राहता, इकडे या. एकदा ते चार दिवस राहून आले. परत आल्यावर म्हणाले, घर चांगलं, जावई चांगला, पण तिथं कान ठेवायला जागा नाही. मंगलने पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी तिला शब्द दिला. "ज्या साली एक बी पाखरू बोलणार न्हाई, त्या साली गाडी पाठव. मी आपनहून बसंन."

तेव्हा कोनाड्यात दर साली सात-आठ चिंचोके पडत होते. त्यानंतर एका साली पाच पडले. मग तीन. गेल्या साली दोन. माळ राहिला कुठे? निम्म्यावर द्राक्षं आली, बाकीच्यात कांदा आणि ऊस. ओढ्याच्या अंगाला घायपाताचा एक जुना बांध होता, पाखरं रात्रीची त्यात बसायची. तो या उन्हाळ्यात जेसीबी लावून काढला. काढला तो माझ्याच दिराने. मी तिथेच उभी होते, डोक्यावर न्याहारीची पाटी होती. मी काही बोलले नाही. नानाही मला त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत.

यंदा नानांनी डबा नेला तो न बोलताच नेला. नवव्या दिवशी सकाळी मी दूध घालून येत होते, तर ते टपरीवरून येताना दिसले. मी विचारलं नाही. त्यांनीच उजव्या खिशावर थाप मारली. सगळे चिंचोके तिथेच वाजले.

दहाव्या दिवशीही तसंच. त्या दिवशी नाना घरात बसले नाहीत. दुपारभर धुणं धूत होते. संध्याकाळी त्यांच्या दोरीवर दोन्ही धोतरं, तिन्ही टोप्या आणि साळूकाकूंचं एक हिरवं लुगडं वाळत होतं. भोसरीला न्यायची पिशवी ओट्यावर उघडी ठेवलेली. मी भाजी घेऊन गेले, तर म्हणाले, "सुमन, तुझी म्हस इमानी हाय. तिला सोडून कुटं जाऊ नकू." एवढंच. मी भाजी ठेवून आले. घरी आल्यावर भाकरी थापली, पण खाल्ली नाही. उद्यापासून बांधाच्या पलीकडे कुणी नसेल, एवढं एकच डोक्यात होतं.

अकराव्या दिवशी पहाटे मी शेणाची रिकामी पाटी घेतली, म्हणजे कुणी बघितलंच तर विचारायला नको, आणि ओढ्याच्या अंगाला गेले. घायपात काढला तिथे आता नुसती माती आहे. शेजारी निरगुडीचं एक झुडूप राहिलंय, त्याच्या मागे बसले. धुकं होतं. समोर दगडावर नाना दिसत होते, उजव्या निम्म्यावर, डबा मांडीवर, मान जराशी वाकडी. बराच वेळ काहीच बोललं नाही. लांब रस्त्यावर एक टेम्पो गेला, एक मोर ओरडला. नानांनी मोराच्या दिशेने हात झटकला.

फटफटायला लागलं. एकदा ऊन आलं की मोजणी संपली.

आमच्याकडे बाईमाणसाने रानात आवाज काढायची रीत नाही. मी तर लग्नात उखाणासुद्धा घेतला नव्हता, सासूबाईंनी घेतला होता माझ्या वतीने. तोंडाशी मूठ धरली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा आवाज निघाला. कतीतर, कतीतर. वर चढवायला गेले आणि शेवटाला तो फाटला, जुनं धोतर टरकावं तसा. मी पाटीत तोंड घातलं.

नाना हलले नाहीत. मान वळवली नाही, उठले नाहीत. मला वाटलं ऐकूच गेलं नाही, मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले होते. मग वाटलं ऐकू गेलंय, आणि आता ते म्हणतील, सुमन, घरी जा. नानांनी डावा हात उचलून दगडाच्या रिकाम्या निम्म्यावर ठेवला. तसेच बसून राहिले. ऊन दगडावर आलं तेव्हा उजव्या खिशातून एक चिंचोका काढला, त्याच्याकडे बघितलं आणि डाव्या खिशात टाकला.

दूध घालायला गेले तेव्हा टपरीवर कौल चालला होता. "या साली पाखरू एक. हंगाम सोडा." सदा म्हणाला, नाना, एकच? एकाचा कसला हंगाम? नाना म्हणाले, "एक म्हंजी शून्य न्हाई." मग तिथेच त्यांनी मंगलला फोन लावला. ती बिचारी गाडी सांगून बसली होती. नाना म्हणाले, "न्हाई गं, ऱ्हाऊ दे. एक बोललं." तिकडून मंगल मग म्हणाली, बरं, दिवाळीला मीच येते.

संध्याकाळी नाना बांधापाशी आले. मी खाली बघून खुरपत राहिले. त्यांनी डबा बांधावर ठेवला.

"वड्याच्या अंगाला बोललं," म्हणाले. "नवं हाय. पैल्यांदाच बोललं असंल."

मी मातीतला एक दगड काढून बाजूला टाकला.

"मोजलं का मग?" मी विचारलं.

"मोजलं."

मग म्हणाले, "पुढल्या साली मी कान राखतो. तिनं घसा राखावा." आणि गेले. ओट्यावरची पिशवी त्यांनी आत नेली, दोरीवरचे कपडे काढले. हिरवं लुगडं तेवढं झटकून, घडी घालून, खांद्यावर टाकून नेलं.

अंधार पडल्यावर मी डबा उघडला. चिंचोके एक सोडून सगळे होते. त्यांच्यावर कागदाची एक पुडी होती. पुडीत खडीसाखर.