भिकुबाईंची टाच

आपली वाणी श्रोत्यांपर्यंत पोहोचावी, ही वक्त्याची पहिली जबाबदारी. आणि ती पोहोचेनाशी झाली, हे उघडपणे मान्य करावे, ही दुसरी. पहिली जबाबदारी कंठ सांभाळतो. दुसरीला मात्र छाती लागते, आणि ती भल्याभल्या विद्वानांपाशीही ऐन वेळी सापडत नाही. जीवरामशास्त्री पुराणिकांच्या बाबतीत तिचा शोध चार दिवस चालला होता. गावाला वाटत होते, शोध तारेचा चालला आहे!

शास्त्रीबुवा गावोगाव भागवताचे सप्ताह करीत. चाळीसगावच्या एका भाविक व्यापाऱ्याने त्यांना ट्रॅक्टरमागे जोडायची चाकांवरची खोलीच बांधून दिली होती. आत झोपायचा बाक, पोथ्यांचे कपाट, मागे स्टोव्हची जागा. एक बाजू खाली सोडली की झाले व्यासपीठ! छतावर दोन कर्णे, आत अॅम्प्लिफायर आणि बॅटरी. इंद्राच्या रथालाही एवढी सोय नसेल!

त्या वर्षी मुक्काम पिंपळनेरजवळच्या एका गावी होता. पहिल्या दिवशी दुपारी बुवांनी पोथी उघडली, मंगलाचरणासाठी तोंड उघडले आणि दोन्ही कर्णे मुके झाले. सकाळी तपासताना हेच कर्णे असे गरजले होते की पारावरची शेळी दावे तोडून पळाली होती!

"महाराज, तुमी काळजी करू नका!" ट्रॅक्टर हाकणारा आणि तारांची कामे जाणणारा उखर्डू छाती ठोकून म्हणाला. "हाई चहा थंडा व्हवाना आधी मी दोष पकडीच लेसू!"

तो चहा थंड झाला. त्याच्यावर साय आली. सायीवर माशी बसली. उखर्डू छतावरच होता!

दुसऱ्या दिवशी त्याने कर्णे उतरवले, तिसऱ्या दिवशी अॅम्प्लिफायरचे पोट फाडले. प्रत्येक सकाळी "हॅलो, हॅलो" म्हटले की गाव दणाणे. प्रत्येक दुपारी पोथी उघडली की स्मशानशांतता! मागच्या रांगा आधी पेंगू लागल्या, मग गप्पा मारू लागल्या, मग सरळ घरी जाऊ लागल्या.

बुवा भलतेच अस्वस्थ झाले. एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्यांचा कंठ खचला होता. ज्या आवाजाने एके काळी नदीपलीकडचे गुराखी थबकत, तो आता चौथ्या रांगेपर्यंत पोहोचताना धापा टाकी. कर्णा होता म्हणून झाकली मूठ होती!

तिसऱ्या दिवशी सायंकाळी सप्ताह समितीचे प्रमुख रुपचंदआबा येऊन बसले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "महाराज, धुळ्याले आते भागवतनी कॅसेट मिळस म्हने. बटन दाबं का सुरू. घसा बसत नही, काही नही."

"छान," बुवा म्हणाले.

"पुढला साले तीच लावी देवानी का, असं पोऱ्हे म्हनी राह्यनात. मी नही म्हनत हां!"

त्या सायंकाळी बुवांना फलाहार गोड लागला नाही.

चौथा दिवस कृष्णजन्माचा. आसपासची पाच गावे लोटली. बायका पाळणा सजवून आल्या. उखर्डू तारेच्या वेटोळ्यात कालियासारखा अडकून बसला होता. बुवांनी माइकसमोर हळूच "श्रीहरी" म्हटले. कर्णे कडाडले! सभा आनंदाने हलली!

"चला, खाले उतरा बठ्ठा!" रुपचंदआबा ओरडले. "पोथी उघडी राह्यनी!"

रीतच होती ती. व्यासपीठावर पोथी उघडली की तिच्या बरोबरीने कोणी बसायचे नाही. उखर्डू उतरला, तबलजी उतरला. शेवटी रोज सकाळपासून कोपऱ्यात प्रसादाचे गहू निवडत बसणाऱ्या भिकुबाई उतरल्या. बारा वर्षे बुवांचा स्वयंपाक करणाऱ्या या बाई एक गुडघा उभा करून, टाच फळीत रोवून बसत. त्यांची टाच उचलली गेली आणि बुवांच्या तोंडचे "नारायणा" ओठांवरच विझले!

बुवांनी एकदा टाचेकडे पाहिले, एकदा फळीकडे.

"भिकुबाई, पुन्हा वर या."

"मी? काबरं?"

"या तर खऱ्या! बसा. हं... श्रीहरी!"

कर्णे गरजले.

"उतरा. श्रीहरी."

काहीच नाही.

"चढा!"

उखर्डूने कपाळावर हात मारला. "महाराज, तार फळीखाले तुटेल शे! त्यास्नी टाच दाबस, तवय तोंड जुळस!"

तोवर समोर निराळेच घडत होते. भिकुबाई उठल्या की पहिली रांग उठे, त्या बसल्या की बसे. हा जन्मापूर्वीचा काही विधी असावा, अशा समजुतीने पाच गावे उठबशा काढू लागली! एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलेसुद्धा, "किती शेतस रे? एकशे आठ का काय?"

उखर्डूने त्या जागी गव्हाचे पोते ठेवून पाहिले. पोते आडवे पसरले. त्याला टाच कुठली? फळी उचकटायची तर पोथ्यांचे कपाट हलवावे लागणार, आणि सुतार आणायला पिंपळनेर गाठावे लागणार. सूर्य मावळतीला टेकला होता.

"बाई, तुम्हीच बसा," बुवा म्हणाले.

"आठे? पोथीना बराबर?" सांगितले म्हणून टेकलेल्या भिकुबाई शहारल्या. "माले पाप लागी, महाराज! तुमी बोला ना जोरमा. पहिले कसं बोलेत!"

बाईंची टाच अजून फळीवरच होती. माइक चालू होता. त्यांनी तो बाजूला सारला नाही.

"पूर्वी बोलत असे, बाई. आता माझा आवाज पोहोचत नाही. दोन वर्षे झाली. तुम्ही बसून राहिलात तर भागवत पोहोचेल. त्याचे जे काही पाप असेल ते माझे."

पाच गावांनी ते ऐकले. रुपचंदआबांनी पागोटे उगीचच सारखे केले. भिकुबाई पदर खोचून नीट बसल्या, टाच घट्ट रोवली, आणि कथा सुरू झाली. काय कथा झाली! कंसाचे हसू पारापर्यंत गेले, देवकीचा हुंदका नदीपर्यंत! कुठेही कोणी पेंगले नाही. बुवा जन्मप्रसंगाशी आले. कारागृह, काळोख, पहारेकरी झोपी गेलेले...

"आणि त्या क्षणी भगवंतांनी..."

भिकुबाई हात जोडून ताडकन उभ्या राहिल्या!

सारे शांत! बुवांचे ओठ हलत होते. पुढच्या दोन रांगांना तेवढे ऐकू आले, त्यांनी मागे वळून सांगितले, "जल्म व्हयना!" त्यांनी आणखी मागे. बातमी रांगेमागून रांग ओलांडत गेली. थेट शेवटच्या बैलगाडीवरून आरोळी उठली आणि बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. त्या आवाजापुढे कर्ण्यांची काय कथा!

"अहो बाई!" बुवा कळवळून म्हणाले. "नेमक्या वेळी!"

"देव जल्मले उना, नि मी बठी राहू का?" भिकुबाई म्हणाल्या. याला कोणत्या शास्त्रात उत्तर आहे?

प्रसाद वाटून झाला. रुपचंदआबा डोळे पुसत आले आणि त्यांनी बुवांचे पाय धरले.

"महाराज, काय करी दखाडं तुमी! पहारेकरी झोपनात नि बठ्ठं सामसूम! अंगवर काटा उना. कॅसेटले जमी का हाई?"

"आबा, ते मी केले नाही. फळीखालची तार..."

"मोठा मानसे असंच म्हनतस! पुढला साले तुमीच या." आबा जरा घुटमळले. "पन भिकुबाईस्ले मात्र नक्की लई या हां!"

ते गेल्यावर उखर्डू पक्कड घेऊन उभा राहिला. "महाराज, सकाळे सुतार लई येस. फळी उचकटी टाकू, दोष कायमना जाई!"

बुवांनी पाळण्याभोवती अजून गाणाऱ्या बायकांकडे पाहिले, त्यांच्यात मिसळून टाळ्या वाजवणाऱ्या भिकुबाईंकडे पाहिले.

"राहू दे रे, उखर्डू," ते खजील हसून म्हणाले. "एवढा दोष दर सालच्या कृष्णजन्मासाठी असू दे."

ऐकणाऱ्यांचे कान, सांगणाऱ्यांचे कंठ, आणि या दोहोंमधली तार आपल्या भाराने जुळवून धरणारी साधी माणसे, या सर्वांना श्रीहरी सुखी ठेवो.